जुन्या मारुती ८०० चा हीटर नीट गरम हवा देत नाही, काय करावं?

आधी टेम्परेचरचा काटा बघा. गगनबावडा घाटातल्या धुक्यात अर्धा तास चालवूनही काटा खालीच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारी झडप) बहुधा उघडा अडकलाय. तो बदला, स्वस्त असतो. काही मेकॅनिक तो काढूनच टाकतात, 'आपल्याकडं काय गरज' म्हणून. तसं असेल तर परत बसवून घ्या.

काटा मधे येतो, तरी हवा कोमट? मग गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बघा. कमी असेल तर पाइपांत हवा अडकलेली असू शकते. कूलंट भरा, ती हवा काढा, आणि ते गेलं कुठं तेही शोधा.

यानंतर हीटर पूर्ण चालू ठेवून डॅशबोर्डमागं जाणारे दोन रबरी पाइप जपून चाचपा. दोन्ही कडक गरम असतील तर दोष आतल्या, हवा वळवणाऱ्या झडपेचा किंवा तिच्या केबलचा. एक गरम, एक गार असेल तर हीटरचा कॉक (गरम पाणी आत सोडणारा नळ) उघडत नाही किंवा कोअर (हीटरमधला छोटा रेडिएटर) गाळानं तुंबलाय. वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेल्या गाडीत हे हमखास. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले गॅरेजवाले कोअर बदलायला सांगतील, पण आधी पाइप सोडवून उलट्या दिशेनं हलक्या दाबानं पाणी सोडून बघा. तांबूस गाळ निघतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर मात्र लावू नका, कोअर फुटेल.

आतल्या मॅटवर गोडसर वासाचा ओलावा असेल तर मात्र कोअर गळतोय, बदलाच.