मग संसदेचा उपयोग काय?

खासदारांनी लोकसभेत प्रश्न विचारूनही मालवणसमोरच्या समुद्रात मासे खेचून घेणारे, बंदी असलेले एलईडीचे दिवे पेटतातच, आणि बहुमतातले सरकार हवे तेच करते, मग संसद हवी कशाला, असे आपण विचारले आहे. आपला उद्वेग रास्त आहे, पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

पहिली गोष्ट अधिकाराची. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते आणि त्यापलीकडची केंद्राच्या. रापणकरांच्या (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या) पट्ट्यात शिरलेल्या पर्ससीन, म्हणजे माशांच्या थव्याला वेढणारे मोठे जाळे वापरणाऱ्या, नौकेवर कारवाई होते ती राज्याच्या १९८१ च्या कायद्याखाली, त्यामुळे तिचा जाब आमदारांनी विधिमंडळातच विचारायला हवा. बाहेरच्या समुद्रात एलईडीला २०१७ मध्ये बंदी आली तीही केंद्राच्या आदेशाने, संसदेत मंजूर झालेल्या विधेयकाने नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. संसद कारभार हाकत नाही, हाकणाऱ्यांना उत्तर द्यायला लावते. अमेरिकेचा अध्यक्ष तिथल्या काँग्रेसच्या, म्हणजे कायदेमंडळाच्या, विश्वासावर टिकून नसतो. आपल्याकडे मात्र मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते, म्हणूनच १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडू शकले. हे शस्त्र आता बरेच बोथट झाले आहे, कारण १९८५ च्या पक्षांतरबंदीमुळे व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, मोडणाऱ्याची खासदारकीच धोक्यात येते. मंत्री नसलेल्या एकट्या सदस्याचे, म्हणजे खासगी, विधेयक मंजूर होण्याची आशा तर सोडूनच द्यावी, १९७० नंतर तसे एकही झालेले नाही. तरीही राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी १९६७ मध्ये घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयी मांडलेले खासगी विधेयक आठवते. ते मंजूर झाले नाही, पण त्यातला मुख्य मुद्दा त्यांच्या निधनानंतर १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत आला.

म्हणून मी मतदानापेक्षा प्रश्नोत्तरांकडे अधिक लक्ष देतो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न लागतात आणि त्यांतले बरेच तासाभरात पुकारलेही जात नाहीत. अतारांकित प्रश्न २३० पर्यंत असतात व त्यांची उत्तरे लेखी मिळतात. ती वाचायला रुक्ष असली तरी पुढे नाकारता येत नाहीत. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे मंत्र्यांनी लिहिले, तर ते साधारणपणे आश्वासन धरले जाते, तीन महिन्यांत पुरे करावे लागते आणि त्याचा पाठपुरावा सभागृहाची शासकीय आश्वासन समिती करते. टीव्हीवर दिसणाऱ्या गदारोळापेक्षा हे काम कितीतरी मोलाचे आहे, असे माझे मत आहे.

मात्र प्रश्न नेमका हवा. ‘एलईडी मासेमारीवर सरकार काय करीत आहे?’ असे विचारले की ‘राज्यांना निर्देश दिले आहेत’ एवढ्यावर बोळवण होते. त्याऐवजी १२ मैलांपलीकडे मागील तीन वर्षांत तटरक्षक दलाने वर्षनिहाय किती नौका पकडल्या, त्या कोणत्या राज्यांत नोंदलेल्या होत्या आणि पुढे कारवाई कोणी केली, असे विचारावे. सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा मच्छीमार सोसायटीच्या पत्रासह हा मसुदा अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच खासदारांच्या कार्यालयात पोहोचता करा.