मुलांचा ताबा, भेटीचे दिवस आणि मध्यस्थी

प्रश्न : पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात आमचा घटस्फोटाचा दावा सुरू आहे. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. मुलांना कधी न्यायचं, कधी आणून सोडायचं, यावरून दर शनिवारी वाद होतो. आता प्रकरण मध्यस्थीला पाठवलं आहे. जावं का? तिथे बोललेलं पुढे माझ्यावर उलटेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जरूर जा. मध्यस्थ निकाल देत नाही आणि तुमची सही होईपर्यंत काहीच बंधनकारक नसतं. तो दोघांशी एकत्र बोलतो, तसंच वेगवेगळंही. नवऱ्यासमोर बसायची भीती वाटत असेल, तर पहिल्याच तारखेला स्वतंत्र बैठका मागा. तडजोड फिसकटली तर ‘तडजोड झाली नाही’ एवढंच न्यायालयाला कळवायचं असतं. मोती राम प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे.

कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशकाचं मात्र तसं नाही, आणि गल्लत इथेच होते. मुलांच्या ताब्याच्या वादात समुपदेशकाचा अहवाल न्यायालय विचारात घेऊ शकतं, तो मध्यस्थीच्या दरम्यान तयार झालेला असला तरी (पेरी कन्साग्रा प्रकरण, २०१९). तेव्हा समोर कोण बसलंय, हे आधी विचारून घ्या. आणि मुलांना पढवून नेऊ नका. अनुभवी समुपदेशकाच्या ते चटकन लक्षात येतं.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या (१९५६) कलम ६ नुसार पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. पण त्या जोरावर अडून बसू नका. मुलगी लवकरच पाचची होईल, शिवाय भावंडांची ताटातूट न्यायालयं शक्यतो टाळतात.

खरं काम आहे ते संमती अटी, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या तडजोडीच्या अटी, लिहिण्याचं. ‘दोघांच्या सोयीने भेट’ असं लिहिलंत की पुढच्याच शनिवारी भांडण ठरलेलं. त्याऐवजी असं लिहा : दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी १० ते रविवार संध्याकाळी ६, मुलं सोसायटीच्या गेटवरून न्यायची, तिथेच आणून सोडायची, उशीर अर्ध्या तासापेक्षा जास्त होणार असेल तर मेसेज, मूल आजारी पडलं तर बदली दिवस कोणता. ‘दिवाळी आलटूनपालटून’ एवढंही पुरत नाही. सम वर्षी आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे, असं हवं. मे महिन्याची सुट्टी तारखांनी नको, शाळेच्या पत्रकानुसार निम्मी-निम्मी वाटा. गणपती, वाढदिवस, शाळेची फी, पालकसभा, पासपोर्टला दोघांची संमती, हे सगळं त्याच कागदावर येऊ द्या. नुसतं नोटरी करून ठेवू नका. अटी न्यायालयात दाखल करून त्यांवर आदेश घ्या, म्हणजे मोडल्या तर अंमलबजावणीचा अर्ज करता येतो.

प्रश्न : घटस्फोट संमतीने झाला, मुलगा आईकडे असतो. तिची बदली नागपूरला झाल्याने माझी शनिवार-रविवारची भेट बंद पडली. पोटगी थांबवू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. पोटगी आणि भेट हे वेगळे हक्क आहेत. थकबाकी झाली तर वसुलीचा अर्ज तुमच्यावरच येईल. ताब्याचा आदेश कायमचा नसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली, ज्या न्यायालयाने तो दिला तिथेच बदलासाठी अर्ज करा आणि पुन्हा मध्यस्थी मागा. दर आठवड्याऐवजी सुट्ट्यांत सलग जास्त दिवस, ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल आणि रेल्वेचं भाडं कोणी द्यायचं, हे मागणीत लिहा. मुलाची ने-आण कोण करणार, तेही.