जॅकेट पोटॅटो: साल कुरकुरीत आणि गर मोकळा राहण्यासाठी

जॅकेट पोटॅटो म्हणजे सालीसकट अख्खा भाजून, फोडून, वर चीज-उसळीसारखे काही घालून खायचा बटाटा. आपण विचारले आहे की, ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १८० अंशांवर फॉइलमध्ये गुंडाळून पाऊण तास भाजलेल्या बटाट्याची साल चामट का राहते, गर चिकट का होतो आणि वर घातलेल्या उसळीचा रस्सा बशीत का उतरतो. या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे बटाट्यातील पाण्याला बाहेर पडायला वाट मिळालेली नाही. बटाट्याच्या वजनाचा सुमारे चार पंचमांश भाग पाण्याचा असतो. त्यातले थोडे पाणी भाजताना जावे आणि उरलेली वाफ बटाटा फोडल्याबरोबर निघून जावी, यासाठीच पुढची सगळी खटपट आहे.

पहिला प्रश्न बटाटा निवडण्याचा, आणि माझ्या मते निम्मे यश इथेच ठरते. इंग्लंडमध्ये या पदार्थासाठी मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड आणि अमेरिकेत रसेट बर्बँक हे वाण वापरतात, कारण त्यांत स्टार्च भरपूर आणि पाणी तुलनेने कमी असते. असा बटाटा भाजला की गराच्या पेशी फुगून एकमेकींपासून सुट्या होतात आणि तो भुसभुशीत लागतो. कमी स्टार्चच्या बटाट्यात त्या एकमेकींना धरून राहतात. असा बटाटा रस्साभाजीला उत्तम, पण भाजायला निरुपयोगी. आपल्याकडच्या वाणांपैकी कुफरी पुखराज पाणीदार असतो, म्हणून तो टाळावा. कुफरी चिप्सोना किंवा लेडी रोझेटा हे वेफर्ससाठीचे वाण मिळाले तर डोळे झाकून घ्यावेत. कुफरी ज्योती या दोहोंच्या मधला आहे आणि चांगला पिकलेला असेल तर समाधानकारक भाजला जातो. भाजीवाल्याला वाणाचे नाव माहीत असेलच असे नाही, म्हणून ‘वेफर्सचा बटाटा आहे का’ असे विचारणे सोयीचे पडते.

नाव कळले नाही तरी घरी एक खात्रीची परीक्षा घेता येते. एकाच वाटीने एक वाटी मीठ आणि अकरा वाट्या पाणी मोजून घ्यावे, मीठ पूर्ण विरघळू द्यावे आणि त्यात बटाटे सोडावेत. स्टार्चचा बटाटा जड असल्यामुळे तळाशी जातो आणि पाणीदार बटाटा तरंगतो. बुडालेले भाजायला घ्यावेत, तरंगलेले भाजीसाठी ठेवावेत.

हंगामाकडेही लक्ष द्यावे. हिवाळ्यात येणारा नवा, नखाने साल निघणारा बटाटा चवीला गोड असला तरी त्यात पाणी फार असते आणि त्या पातळ सालीचे कवच होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मिळणारा, साल पक्की झालेला आणि शीतगृहात न गेलेला बटाटा सर्वांत चांगला. पावसाळ्यात इंदूर-आग्र्याकडून येणारा माल बहुधा शीतगृहातला असतो. बटाटा फार थंड राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते, मग तो गोडसर लागतो आणि आच लागताच काळपट पडतो. असा माल दोन-तीन आठवडे टोपलीत, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवला तर ही साखर बऱ्याच अंशी कमी होते. याच कारणाने बटाटा घरच्या फ्रिजमध्येही ठेवू नये. पावसाळ्याच्या शेवटी पुणे-नाशिक महामार्गावरच्या मंचर-खेड भागातला खरिपाचा ताजा बटाटा येतो, तो मिळाल्यास शीतगृहातल्या मालापेक्षा तोच घ्यावा. हिरवट झालेला किंवा कोंब फुटलेला बटाटा मात्र घेऊच नये, कारण इथे साल खायची असते आणि हिरवेपणासोबत वाढणारे सोलानिन हे विषारी द्रव्य सालीतच जास्त असते.

आता भाजण्याकडे वळू. साधारण २५० ग्रॅमचे, एकसारख्या आकाराचे बटाटे ब्रशने घासून धुवावेत, कोरडे पुसावेत आणि काट्याने सात-आठ ठिकाणी टोचावेत. नंतर ते मिठाच्या दाट पाण्यातून काढून तसेच भाजायला ठेवावेत, म्हणजे पाणी सुकल्यावर मिठाचा थर सालीवर सगळीकडे सारखा बसतो. ओटीजीचे वरचे व खालचे दोन्ही रॉड सुरू ठेवून तो २०० अंशांवर पंधरा मिनिटे तापवावा आणि बटाटे ट्रेमध्ये न ठेवता मधल्या जाळीवर, एकमेकांना न चिकटता ठेवावेत. ट्रेमध्ये खालची बाजू ओली राहते. एका तासानंतर जाड सुई किंवा सुरीचे टोक घालून पाहावे. ते मध्यापर्यंत अडथळ्याशिवाय जात असेल तरच बटाटा झाला, नाहीतर आणखी दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. १८० अंशांवरची आपली पाऊण तासाची वेळ कमीच होती. थर्मामीटर असेल तर आतले तापमान ९६ अंशांच्या आसपास यायला हवे. परदेशी पाककृतींत ९९ अंशांपर्यंतचा आकडा दिसतो, पण आपले नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी ९८ अंशांच्या सुमारासच उकळते, त्यामुळे त्या आकड्याची वाट पाहत बसू नये. तेल सुरुवातीला लावू नये, कारण तेलाच्या थराखाली सालीतला ओलावा अडकतो. शेवटची दहा मिनिटे उरली असताना तेलाचा हात फिरवून बटाटे परत आत ठेवावेत.

फॉइलचा आग्रह कृपया सोडावा. फॉइलमध्ये बटाटा स्वतःच्या वाफेत शिजतो, आणि कुकरमध्ये उकडून घेतलेल्या बटाट्याचेही तेच होते. शिवाय फॉइलमधला बटाटा तसाच गुंडाळून बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. भाजण्याच्या उष्णतेत बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत, आणि फॉइलच्या आत हवा नसल्यामुळे ते सामान्य तापमानाला वाढू शकतात. १९९४ मध्ये टेक्सासमधल्या एल पासो येथे असेच ठेवलेले बटाटे चटणीवजा पदार्थात वापरले गेले आणि ३० जणांना बोटुलिझम झाला.

घाई असेल तर मायक्रोवेव्हमध्ये दोन बटाटे आठ-दहा मिनिटे फिरवून मग वीस-पंचवीस मिनिटे ओटीजीत ठेवावेत. साल बऱ्यापैकी होते, गर मात्र तितका हलका होत नाही.

बटाटा बाहेर काढल्यावरचे पहिले मिनिट फार मोलाचे आहे. वाढायला वेळ असला तरी तो लगेच फोडावा. वरून फुलीच्या आकाराची खोल चीर द्यावी आणि जाड फडक्याने दोन्ही बाजूंनी दाबावे, म्हणजे गर वर उमलतो आणि वाफ भसकन बाहेर पडते. फोडायला दहा मिनिटे उशीर झाला तर तीच वाफ आत थिजते आणि गर जड होतो. गर काट्याने हलकेच मोकळा करावा, रगडू नये. रगडल्याने पेशी फुटतात आणि स्टार्च बाहेर येऊन चिकटा होतो.

वर काय घालावे यापेक्षा कोणत्या क्रमाने घालावे याला मी जास्त महत्त्व देतो. आधी गरात मीठ आणि लोणी मिसळावे. लोण्यात लसूण-मिरचीचा थोडा ठेचा कालवून ठेवला असेल तर फारच छान. त्यावर किसलेले चीज घालावे, म्हणजे ते गराच्या उष्णतेने वितळून थर धरते आणि रस्सा खाली झिरपू देत नाही. चीज प्रक्रिया केलेले असेल तर मीठ हात राखून घालावे. इंग्लंडमध्ये यानंतर टोमॅटोच्या सॉसमधले बीन्स घालतात. त्यांच्या जागी आपल्याकडे काळ्या मसाल्यातली मटकीची उसळ चपखल बसते, मात्र ती मिसळीसारखी पातळ नको. ती आटवून, डाव उभा धरला तर पाणी निथळणार नाही इतकी घट्ट करावी, आणि तर्री आवडत असेल तर वेगळ्या वाटीत द्यावी. सर्वांत वर सावर क्रीमऐवजी चक्का घालावा. साधे दही पाणी सोडते, चक्का सोडत नाही. थंडीत कांद्याची पात मिळते तेव्हा ती बारीक चिरून भरपूर घालावी, एरवी लाल कांदा लिंबात थोडा मुरवून आणि निथळून घ्यावा. फरसाण किंवा चिवडा घालायचा असेल तर तो अगदी शेवटी, घास घेण्याआधी.

आपण उपवासाचेही विचारले होते. त्या दिवशी सालीवर सैंधव वापरावे, तेलाऐवजी तूप लावावे आणि आत लोणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हिरवी मिरची व शेंगदाण्याचे जाडसर कूट घालावे. कूट थोडा ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्यावर चक्क्याऐवजी घट्ट दही घातले तरी चालते.