सांताबद्दल मुलाला खरं सांगायचं का? माझा अनुभव

ताई,

तुमचा साडेसहा वर्षांचा मुलगा दोनदा विचारून गेला, "सांता खरंच असतो का?" आणि दोन्ही वेळा तुम्ही विषय बदललात. त्याच्या बाबांचं म्हणणं, लहानपण एकदाच येतं, इतक्यात कशाला मोडायचं. तुम्हाला भीती अशी की आज सांता खोटा निघाला तर उद्या तो येशूबद्दलही तेच म्हणेल. तुमच्या जागी मी होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ सांगते. मुलाने मनापासून विचारलं की खरं सांगायचं, आणि त्याच दिवशी सांगायचं. नाताळ किती दिवसांवर आलाय, आजीला काय वाटेल, हे बघत बसायचं नाही. तीन मुलं वाढवली, वीसेक वर्षं संडे स्कूल शिकवलं, त्यातून हे मत झालं. पण खरं शिकले ते मोठ्या मुलीकडून, कारण तिच्या वेळी मी नेमकं उलट केलं होतं.

ती आठ वर्षांची होती. नाताळच्या सकाळी एका हातात भेटीवरची चिठ्ठी आणि दुसऱ्या हातात शाळेची डायरी घेऊन आली. चिठ्ठीवर होतं, "तुझ्यासाठी, सांताकडून". डायरीत मी बाईंना लिहिलेलं, "माझ्या मुलीला काल ताप होता". तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि आधी एका 'झ'वर, मग दुसऱ्या 'झ'वर बोट ठेवलं. मी 'झ'ची शेपटी लांब खाली ओढते. दोन्हीकडे ती तशीच होती. "आई, हे तूच लिहिलंस ना?" आणि मी म्हटलं, "अगं, सांताला मराठी येत नाही, म्हणून त्याने माझ्याकडून लिहून घेतलं." ती काही बोलली नाही. चिठ्ठीची घडी घातली, डायरीत ठेवली आणि गेली.

पुढे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात रात्री तिला येशूच्या रिकाम्या कबरेची गोष्ट सांगत होते. दगड बाजूला लोटलेला, मग्दालीया मरीया बाहेर रडत उभी. मधेच तिने विचारलं, "आई, हे तरी खरं आहे ना?"

त्या "तरी"ने त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. तिला पवित्र शास्त्राबद्दल काही शंका आली नव्हती. ती माझा शब्द तपासून बघत होती. एवढं लहान मूल शुभवर्तमान स्वतः पारखून घेत नाही, आईबापांच्या शब्दावर घेतं, आणि देवानेही ते तसंच ठरवलं आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय की पुढे तुझा मुलगा विचारेल, या आज्ञांचा अर्थ काय, तेव्हा त्याला सांग की आम्ही मिसरात फारोचे दास होतो आणि परमेश्वराने आम्हाला बाहेर आणलं. मूल विचारणार आणि आईबाप सांगणार, एवढंच तिथे आहे. शुभवर्तमान लिहिणारा लूक थियफिल नावाच्या माणसाला लिहितो तेव्हाही आपण सगळं मुळापासून शोधून लिहितोय हे आधी सांगतो. आपला विश्वास साक्षीवर उभा आहे, आणि मुलाच्या आयुष्यातली पहिली साक्षीदार तुम्ही आहात. तो शब्द सांतासाठी खर्च करू नका.

तुमच्या यजमानांची काळजी मी समजू शकते. पण मुलं आपल्याला वाटतं तेवढी कोसळत नाहीत. अमेरिकेत अँडरसन आणि प्रेंटिस या दोघा अभ्यासकांनी सांतावरचा विश्वास संपलेल्या ५२ मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक मुलांना सात वर्षांच्या आसपास आपलं आपणच कळलं होतं आणि मुलांच्या भावना बहुतांशी चांगल्याच होत्या. वाईट वाटलं होतं ते मुख्यतः पालकांना. माझ्याही पाहण्यात हेच आहे. सांता नाही याचं मूल फार काही मनाला लावून घेत नाही. आपण सरळ विचारलं आणि आई डोळ्यांत बघून खोटं बोलली, हे मात्र त्याच्या मनातून जात नाही.

मग सांता घरात येऊच द्यायचा नाही का? काही चर्चमध्ये असं कडक सांगतात. मला ते पटत नाही. खोटं बोलण्याविषयी जुने ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन यांच्याइतकं कठोर क्वचितच कोणी लिहिलं असेल. भल्यासाठी बोललेलं खोटंही त्यांना मान्य नव्हतं. पण सुमारे ३९५ साली या विषयावर लिहायला बसल्यावर थट्टा त्यांनी सुरुवातीलाच बाजूला काढली, कारण थट्टा करणाऱ्याच्या सुरावरूनच कळतं की त्याला फसवायचं नाही. खेळालाही हेच लागू आहे. मूल खुर्च्यांची गाडी करून "तिकीट दाखवा" म्हणतं आणि आपण दाखवतो. तिथे कोणी कोणाला फसवत नाही. तसा सांता खेळा, लाल टोपी घाला. पण मूल थांबून "खरंच?" म्हणालं की खेळ थांबला. त्यानंतर बुटांचे ठसे उमटवणं, खोटी पत्रं लिहिणं, पुरावे तयार करणं म्हणजे मुलाच्या प्रामाणिक बुद्धीला हरवायला निघणं आहे. मी तेच केलं होतं.

एका गोष्टीपासून मात्र खेळातही लांब राहा. "शहाण्यासारखं वागलास तर सांता भेट देईल" हे वाक्य घरात नको. नाताळचा अर्थच असा की आपण लायक नसताना देवाने पुत्र दिला. आपण संडे स्कूलमध्ये कृपा शिकवायची आणि घरी सांताची चांगल्या-वाईट मुलांची यादी दाखवायची? मुलं ती यादी देवालाच चिकटवतात. वर्गात एका मुलाने मला विचारलं होतं की आपण आजारी पडलो म्हणजे आपलं नाव यादीतून गेलं का.

काही कुटुंबं सांता नको म्हणून "बाळ येशू भेट आणतो" असं सांगतात. यालाही जुनी परंपरा आहे. १६व्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर जर्मन प्रदेशांत संत निकोलसच्या (ज्यांच्यावरून पुढे सांता आला) जागी बालख्रिस्ताच्या नावाने भेटी देऊ लागले. स्पेनमध्ये ६ जानेवारीला बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे भेटी आणतात, असं मुलांना सांगतात. हेतू चांगला असला तरी मला हे सांतापेक्षाही जोखमीचं वाटतं. सांताचं बिंग फुटलं तर जाणार ती एक लाल टोपी. इथे ज्याच्यावर मुलाने आयुष्यभर भरवसा ठेवावा अशी आपली इच्छा, त्याचंच नाव आपण आपल्या लपवाछपवीवर लिहितो.

दुसऱ्या मुलाने पाचव्या वर्षी विचारलं, तेव्हा मी त्याला जे सांगितलं ते जवळपास शब्दशः देते. "सांता हा मोठ्यांनी मुलांसाठी रचलेला खेळ आहे. भेटी आम्ही ठेवतो. पण खेळ सुरू झाला तो एका खऱ्या माणसावरून. त्यांचं नाव निकोलस. आज तुर्कस्तान आहे तिथे समुद्राकाठी मायरा नावाचं शहर होतं, चौथ्या शतकात ते तिथले बिशप होते. जुनी गोष्ट अशी सांगतात की एका गरीब बापाला तीन मुलींची लग्नं करायला पैसे नव्हते, तेव्हा निकोलसने रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, असं तीनदा केलं. कोणाला कळू दिलं नाही, कारण येशूने सांगितलंय की उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये." त्याचा पहिला प्रश्न होता, "थैली पडल्याचा आवाज नाही आला?" मग ६ डिसेंबर म्हणजे संत निकोलसचा दिवस हे कळल्यावर त्याने ठरवलं की त्या दिवशी आपणही कोणाला तरी गुपचूप काहीतरी ठेवायचं. खरं कळल्यावर त्याचा नाताळ मोठाच झाला.

चूक माझी एवढीच झाली की पुढचं सांगायचं राहिलं. त्याने रविवारी वर्गात उभं राहून सगळ्यांना बातमी दिली आणि संध्याकाळी एका आईचा रडवेला फोन आला. म्हणून त्याच वेळी सांगा की आपल्या घरी खरं सांगितलं, दुसऱ्यांच्या घरी ते त्यांचे आईबाबा सांगतील. कोणी विचारलंच तर खोटं बोलायचं नाही, "तुझ्या आईला विचार" म्हणायचं. सहा वर्षांच्या मुलाला हे जमतं.

आज रात्री आधी यजमानांशी बोला, त्यांना एकटं पाडून हे करू नका. मग दोघं मिळून मुलाजवळ बसा. त्याने दोनदा विचारलं आणि दोनदा तुम्ही विषय बदललात, हे तुम्हीच बोलून दाखवा, त्याबद्दल त्याला सॉरी म्हणा आणि मग खरं सांगा. माझ्या मुलीला मी सॉरी म्हटलं ते त्या "तरी"च्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी. तिने डायरीतून ती चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली.