शेअर्ड ओनरशिप: ९५० पौंडांचं कोटेशन २,७००वर का गेलं, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं काय

तुमचा प्रश्न मला असा समजला: मिल्टन कीन्समध्ये ४,००,००० पौंडांच्या नव्या फ्लॅटचा ४०% हिस्सा शेअर्ड ओनरशिपमध्ये (काही हिस्सा विकत, उरलेल्यावर भाडं) घ्यायचा आहे. सॉलिसिटरने (घरखरेदीचे कागद करणाऱ्या वकिलाने) फोनवर ९५० पौंड सांगितले आणि लेखी अंदाजपत्रक २,७००चं आलं. डिपॉझिटचे पैसे वडील पुण्याहून पाठवणार आहेत. तर हा सॉलिसिटर लुबाडतोय का, आणि दुसरा स्वस्तातला बघावा का?

लुबाडत नाहीये. ९५० ही फक्त मूळ फी असते. तिच्यावर लीजहोल्डचे (दीर्घ भाडेपट्ट्यावरच्या घराचे) आणि शेअर्ड ओनरशिपचे जादा मिळून साधारण ३५०, नवं बांधकाम म्हणून १५०, स्टँप ड्युटीचा फॉर्म भरायचे ९०, भेट म्हणून आलेल्या डिपॉझिटची तपासणी ८०, बँक ट्रान्सफरचे ४०. झाले १,६६०. त्यावर २०% व्हॅट, म्हणजे ३३२. मग सर्चेसचे ३५० (कौन्सिल, पाणी-ड्रेनेज, पर्यावरण) आणि लीज व कर्जाची नोटीस हाउसिंग असोसिएशनला (उरलेला हिस्सा जिच्याकडे राहतो ती संस्था) द्यायची फी, साधारण १५०. उरलेल्या दोनेकशेंत लँड रजिस्ट्रीची नोंदणी आणि ओळखतपासणी. आकडे फर्मप्रमाणे इकडेतिकडे होतील, पण रचना सगळीकडे हीच. म्हणून कोटेशन मागताना पहिल्याच ईमेलमध्ये लिहा: 'नवी लीज, शेअर्ड ओनरशिप, मॉर्गेजसह, भेटीचं डिपॉझिट, व्हॅट आणि बाहेरचे सगळे खर्च धरून एकूण आकडा द्या.' 'सौदा फिसकटला तर फी नाही' असं कोणी म्हणत असेल, तर ते त्यांच्या फीपुरतं असतं. सर्चेसचे पैसे गेले ते गेले.

दोनतीनशे पौंड वाचवायला सॉलिसिटर बदलू नका, अटी दोनच: या माणसाने शेअर्ड ओनरशिपच्या लीज नियमित केलेल्या असाव्यात आणि तुमच्या बँकेच्या पॅनेलवर (मान्य वकिलांच्या यादीत) त्याची फर्म असावी. हाउसिंग असोसिएशन आपल्या यादीतली नावं सुचवते. ती घेण्याची सक्ती नाही. मात्र यादीतल्या फर्मनी त्याच इमारतीचे कागद आधी वाचलेले असतात, आणि वेळेच्या दृष्टीने तो मोठा फायदा आहे.

आता क्रम. (हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या योजना वेगळ्या आहेत.) आधी पात्रता: घरातलं एकूण वार्षिक उत्पन्न ८०,००० पौंडांपर्यंत, लंडनमध्ये ९०,०००. मग रिझर्व्हेशन फी, बहुधा ५०० किंवा कमी, जी शेवटच्या हिशेबात वळती होते. त्याच सुमाराला 'की इन्फर्मेशन डॉक्युमेंट' मिळतं. त्यात भाडं, सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च), लीजची मुदत, दुरुस्ती कोणाची हे सगळं असतं आणि लोक ते न वाचता सही करतात. मग मॉर्गेज सल्लागाराकडून ऐपतीची तपासणी. व्हिसावर असाल तर ही पायरी रिझर्व्हेशनच्याही आधी उरका, कारण शेअर्ड ओनरशिपला कर्ज देणाऱ्या बँका मुळात मोजक्या, आणि त्यातल्या तुमचा व्हिसा चालवून घेणाऱ्या आणखी कमी.

तुमचं गणित असं बसतं. ४०% म्हणजे १,६०,०००. १०% डिपॉझिट १६,०००, कर्ज १,४४,०००. उरलेल्या २,४०,०००वर पहिल्या वर्षी २.७५% धरलं तर भाडं वर्षाला ६,६००, महिन्याला ५५०. त्यावर सर्व्हिस चार्ज. हे भाडं दरवर्षी वाढतं: अलीकडच्या लीजमध्ये सीपीआय (महागाई निर्देशांक) अधिक १%, जुन्यांमध्ये बहुधा आरपीआय (महागाईचं जुनं माप) अधिक अर्धा टक्का. मॉर्गेजचा हप्ता व्याजदराबरोबर खालीही येऊ शकतो. भाड्याचं कलम मात्र वरच नेण्यासाठी लिहिलेलं असतं.

वेळ कुठे जातो ते समजून घ्या, म्हणजे सॉलिसिटरला उगाच फोन करावे लागणार नाहीत. नव्या इमारतीत बिल्डरचा वकील, हाउसिंग असोसिएशनचा वकील आणि तुमचा वकील अशी तीन टोकं असतात. बऱ्याचदा असोसिएशनकडेही मूळ जमीनमालकाची हेडलीजच (वरची मूळ लीज) असते. तुमच्या वकिलाने विचारलेला प्रश्न दोन टेबलांवरून फिरून परत येतो. आणि तरीही असोसिएशन म्हणते, कागद मिळाल्यापासून २८ दिवसांत एक्स्चेंज (सह्या झालेल्या करारांची अदलाबदल) करा. ही मुदत त्यांची आहे, कायद्याची नाही. वाढवून मागता येते, फक्त ती उलटून जायच्या आत मागावी.

दुसरी अडकण्याची जागा म्हणजे मॉर्गेज ऑफरला असोसिएशनची मंजुरी. लीजमध्ये बँकेला संरक्षण देणारं कलम असतं: कर्ज बुडालं तर बँक उरलेला हिस्साही विकत घेऊन पूर्ण घर विकू शकते आणि काही मर्यादेपर्यंतचा तोटा असोसिएशनच्या वाट्यातून भरून काढू शकते. त्यामुळे कर्ज किती आणि कोणत्या अटींवर, हे असोसिएशनने आधी लेखी मान्य करावं लागतं. मध्येच व्याजदर जरा कमी दिसला म्हणून बँक बदलली, की नवी ऑफर, नवी मंजुरी आणि दोन आठवडे गेले. घर अजून बांधून व्हायचं असेल तर ऑफरची मुदत (साधारण सहा महिने) आणि ताबा मिळण्याची तारीख शेजारी शेजारी लिहून ठेवा.

एक्स्चेंज होईपर्यंत कोणीही बांधील नसतं. घर तयार असेल तर एक्स्चेंज आणि कम्प्लीशन (पैसे भरून ताबा) पुष्कळदा एकाच दिवशी करतात. तेव्हा 'शुक्रवारी होईल' एवढ्या भरवशावर सध्याच्या घरमालकाला नोटीस देऊ नका. दोनतीन आठवड्यांचं दुहेरी भाडं गृहीत धरा, ते स्वस्त पडतं. कम्प्लीशनच्या दिवशी त्या महिन्याचं उरलेलं भाडं आणि सर्व्हिस चार्ज, कधी पुढच्या महिन्याचंही, आगाऊ मागतात.

वडिलांचे पैसे. इथे आपल्या लोकांची फाइल हमखास रखडते. सॉलिसिटरला पैसा कुठून आला हे सिद्ध झालेलं हवं असतं. वडिलांच्या नुसत्या पत्राने भागत नाही. पत्र तर लागतंच (ही भेट आहे, कर्ज नाही, घरात हिस्सा मागणार नाही), शिवाय वडिलांचा पासपोर्ट, साधारण सहा महिन्यांची बँक स्टेटमेंटं, एफडी मोडली असेल तर तिची पावती, जागा विकली असेल तर खरेदीखत. आपली खरेदीखतं मराठीत असतात. इंग्रजी प्रमाणित भाषांतर आत्ताच करून घ्या, शेवटच्या आठवड्यात नाही. भारतातला रहिवासी एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवू शकतो, बँकेत ए-२ फॉर्म भरून. पैसे वडिलांच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यावेत. 'काकांचं इथे खातं आहे, ते देतील, आपण तिकडे त्यांना देऊ' हा मार्ग धरलात तर सॉलिसिटर फाइल बंद करेल आणि त्याला दोषही देता येणार नाही.

आता स्टँप ड्युटी. २,७००वरून एवढी चर्चा झाली, पण खरी मोठी रक्कम या एका निर्णयात आहे. दोन पर्याय असतात. पहिला, पूर्ण बाजारभावावर आत्ताच कर भरून टाकायचा. दुसरा, टप्प्याटप्प्याने: आत्ता घेतलेल्या हिश्श्यावर, आणि पुढे हिस्सा ८०%च्या वर जाईपर्यंत काही नाही. पहिला एकदा निवडला की मागे घेता येत नाही. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला १ एप्रिल २०२५पासून ३,००,०००पर्यंत शून्य आणि त्यावर ५,००,०००पर्यंत ५% हा दर आहे. तुमच्या फ्लॅटला पहिल्या पर्यायात ५,००० पौंड बसतील, दुसऱ्यात आज शून्य. पूर्ण १००% घ्यायचा निश्चित बेत नसेल तर तुम्हाला दुसरा बरा. पण घराचा पूर्ण भावच ३,००,०००च्या आत असेल तर उलटं: पहिला पर्याय घेतला तर आजही शून्य आणि पुढे १००%ला पोचलात तरी शून्य. अशा घरांना सवयीने 'टप्प्याटप्प्याने' टिकमार्क करणारे वकील भेटतात, म्हणून स्वतः विचारा. कर शून्य असला तरी रिटर्न कम्प्लीशननंतर १४ दिवसांत भरावं लागतं.

यात एक खाचखळगा आहे. 'पहिलं घर' म्हणजे जगात कुठेही पहिलं. कोथरूडच्या फ्लॅटवर वडिलांनी तुमचं नाव सहमालक म्हणून लावलं असेल, किंवा वारशाने घरात हिस्सा आला असेल, तर ही सवलत गेली. दोघं मिळून घेत असाल तर दोघांनाही हे लागू. नॉमिनी म्हणून सोसायटीत नाव असणं वेगळं, ती मालकी नव्हे. सवलत नसेल तर टप्प्याच्या पर्यायातही तुम्हाला हिश्श्यावर ७०० आणि लीजभरच्या भाड्याच्या आजच्या मूल्यावर सुमारे ६३५ पौंड पडतील. तिकडचा हिस्सा अजून तुमच्या नावावर असेल आणि त्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल, तर १,६०,०००वर आणखी ५%, म्हणजे ८,०००. दुसरं घर नावावर असताना योजनेची पात्रताही अडते. सॉलिसिटरच्या फॉर्मवर 'नो' लिहिण्याआधी पुण्याला एक फोन करून इंडेक्स-२ मागवा.

लीजमध्ये काय बघायचं? मुदत: नव्या मॉडेलमध्ये (सरकारने अलीकडे आणलेली प्रमाण लीज) किमान ९९० वर्षं, जुनं घर रीसेलमध्ये घेत असाल तर मूळ ९९ किंवा १२५मधली किती उरली. दुरुस्ती: हिस्सा ४०% असला तरी खर्च १००% तुमचा हा जुना नियम. नव्या मॉडेलमध्ये पहिली १० वर्षं इमारतीच्या बाहेरच्या व मुख्य ढाच्याच्या दुरुस्तीचा बोजा असोसिएशनवर असतो आणि घरातल्या ठरावीक दुरुस्तीसाठी वर्षाला ५०० पौंडांपर्यंत मागता येतात. पोटभाडेकरू ठेवायला बहुधा बंदी. विकताना आधी असोसिएशनला ग्राहक शोधायची मुदत द्यावी लागते, नव्या लीजमध्ये ४ आठवडे, जुन्यांत ८. काही ग्रामीण भागांत हिस्सा ८०%च्या वर नेताच येत नाही.

हिस्सा वाढवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण फी समजून घ्यायची तर ती इथेच जास्त टोचते. नव्या मॉडेलमध्ये एका वेळी किमान ५% घेता येतात, जुन्यांत बहुतेक १०%. प्रत्येक वेळी आरआयसीएसच्या (सर्व्हेयरांची व्यावसायिक संस्था) सर्व्हेयरचं मूल्यांकन (साधारण तीन महिने चालतं), सॉलिसिटर, असोसिएशनची फी, कर्ज वाढवलं तर बँकेची. हे सगळं दीडदोन हजारांत जाऊ शकतं, म्हणजे ५% घ्यायला २०,००० मोजताना वर जवळपास दहावा भाग खर्च. नव्या मॉडेलमध्ये पहिली १५ वर्षं दरवर्षी १% घेता येतो. त्याची किंमत घरभाव निर्देशांकावरून ठरते, त्यामुळे सर्व्हेयरचा खर्च नाही. दरवर्षी ४,००० बाजूला पडत असतील तर तो वापरा. नाहीतर मॉर्गेजच्या ठरलेल्या व्याजदराची मुदत संपेल त्या वर्षी एकदम मोठा टप्पा घ्या, म्हणजे बँकेचं काम त्याच फेरीत उरकतं.