पुण्याच्या पेठांमधून आठ पाहुण्यांना खाद्यफेरी घडवायची तर मार्ग आणि क्रम कसा लावावा?

आठ पाहुणे, त्यातले दोघे साठीच्या पुढचे, हाताशी एक सकाळ आणि सगळं पायी, असं तुम्ही विचारलंय. फेरी नेमकी कुठे फसते ते आधी सांगतो. बहुतेक जण नकाशा बघून क्रम लावतात. पहिल्याच ठिकाणी प्रत्येकासमोर मिसळीची अख्खी प्लेट येते, जीभ भाजते, पोट भरतं आणि पुढच्या चार ठिकाणी पाहुणे केवळ संकोचापोटी दोन घास घेतात. क्रम चवीने लावा: सौम्य आधी, तिखट मध्ये, गारगोड शेवटी.

म्हणून सुरुवात नारायण पेठेत, केसरीवाड्यापाशी, सकाळी नऊच्या आसपास. बडोद्याच्या गायकवाडांचा हा वाडा टिळकांनी १९०५ मध्ये घेतला, हे वाड्याच्या आवारात उभं राहूनच सांगून टाका. जवळच्या प्रभा विश्रांतिगृहातल्या बटाटेवड्याच्या सारणात हळद नसते. आलं, मिरची आणि लिंबाची चव पुढे येते, आणि सोबत पाव नसतो. मिसळीनंतर ही चव कळतच नाही, म्हणून तो पहिला. माणशी एकच वडा. ‘अजून एक’ म्हणणाऱ्याला प्रेमाने थांबवा.

तिथून लक्ष्मी रस्ता ओलांडून विश्रामबागवाडा. दुकानं अकराच्या सुमारास उघडतात, त्याआधी रस्ता ओलांडणं सोपं जातं. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्याचं सागवानी कोरीवकाम समोरच्या फुटपाथवरून जास्त चांगलं दिसतं. बाजीराव रस्त्यावर चितळ्यांकडे पाव किलो बाकरवडी घ्या. तिथे एकेक हातावर ठेवा, उरलेली पिशवीत. ती कोरडी असते, प्रवासातही टिकते.

आता तुळशीबाग. नारो अप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये बांधायला घेतलेलं राममंदिर आत आहे, आणि भोवती तांब्यापितळेची भांडी नि भातुकली. पंधरा मिनिटं इथे मोकळी सोडा, वडा जिरायला वेळ मिळतो. मग श्रीकृष्ण भुवनची मिसळ. लालभडक तर्री आणि पावाची अपेक्षा घेऊन येणाऱ्यांना आधीच सांगा की पुण्याच्या जुन्या मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजीही असते आणि सोबत स्लाईस ब्रेड येतो. दोघांत एक प्लेट, म्हणजे आठ जणांना चार. काही ठिकाणी एका प्लेटमध्ये दोघांना देत नाहीत, त्यामुळे ऑर्डर देण्याआधी विचारा. तिखट अजिबात सोसत नसेल तर नारायण पेठेतच मुंजाबाच्या बोळातल्या बेडेकरांकडची गोडसर मिसळ बरी. पण मग ती वड्यानंतर तिथेच उरकावी लागेल आणि मधलं चालणं हातचं जाईल. मला तुळशीबागेचा पर्याय जास्त पटतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. या जागा लहान आहेत आणि तिथे रोजची गिऱ्हाइकं येतात. दारात उभं राहून इतिहास सांगू नका, खाऊन झाल्यावर टेबल अडवू नका, अनोळखी माणसाशेजारी बसायची तयारी ठेवा. आठांपेक्षा मोठा गट असेल तर दोन भाग करा आणि वीस मिनिटांच्या अंतराने सोडा. आदल्या दिवशी जाऊन सुट्टीचा वार आणि वेळा पाहून या. दुपारी बंद राहण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. पैसे आधीच गोळा करा, गल्ल्यावर एकानेच द्या.

मिसळीनंतर मंडई. १८८६ सालची अष्टकोनी इमारत, मूळ नाव रे मार्केट, आता महात्मा फुले मंडई. इथे खायचं नाही, बघायचं: पावसाळ्यात रानभाज्या, थंडीत हरभऱ्याची हिरवी जुडी आणि आवळे. सप्टेंबर २०२४ पासून मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू आहे. वयस्कर मंडळी दमली तर इथूनच परत पाठवता येतात, शिवाय स्वच्छतागृहाची अडचण सुटते. पेठांमधल्या फेरीत ही अडचण सगळ्यात आधी येते आणि तिचा विचार शेवटी होतो.

शेवट निंबाळकर तालमीजवळ सुजाता मस्तानीकडे. मंडईतून दहा-बारा मिनिटं. मस्तानी म्हणजे दाट मिल्कशेकवर आईस्क्रीमचा गोळा. आंब्याची खावी ती एप्रिल ते जूनमध्येच. हीसुद्धा दोघांत एक. तिचा संबंध बाजीराव-मस्तानीशी जोडून गोष्टी रचू नका. पेशवाईत आईस्क्रीम नव्हतं, आणि नाव आवडण्यापुरतं पुरेसं आहे.

एकूण चालणं दोनेक किलोमीटर, वेळ तीन तास. मार्ग पूर्ण शाकाहारी आहे, पण शेंगदाणे, दूध किंवा गव्हाची कुणाला ॲलर्जी असेल तर आधीच विचारून घ्या. फरसाण वेगळं काढायला सांगता येतं, मिसळीच्या कटात, म्हणजे रश्शात, काय आहे ते मात्र मालकालाच विचारावं लागतं. सुती कपडे आणि पकड असलेल्या चपला. मंडईतली फरशी सकाळी ओली असते. गणेशोत्सवाचे दहा दिवस टाळा, तेव्हा या गल्ल्यांतून आठ माणसं एकत्र राहूच शकत नाहीत.