बारा दिवसांत मेक्सिको: आई-वडिलांना घेऊन पहिल्यांदा जाताना योजना कशी आखावी?

तुम्ही ह्यूस्टनला असता, आई-वडील पुण्याहून आले आहेत, ऑक्टोबरच्या शेवटी बारा दिवस हाताशी आहेत, तिघंही शाकाहारी आणि स्पॅनिश कुणालाच येत नाही. यादीत मात्र सात नावं आहेत: मेक्सिको सिटी, ग्वानाह्वातो, प्वेब्ला, वाहाका, सान क्रिस्तोबाल, चिचेन इत्सा, कान्कुन. कुठून सुरुवात करू, असं तुम्ही विचारलंय.

सुरुवात खोडण्यापासून करा. ग्वानाह्वातो, सान क्रिस्तोबाल, चिचेन इत्सा आणि कान्कुन, चारही काढून टाका. मेक्सिको महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा आहे. मेक्सिको सिटी ते कान्कुन रस्त्याने सुमारे १६०० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून दिल्लीपेक्षाही लांब. मी पहिल्या खेपेला नऊ दिवसांत पाच शहरं केली, त्यातल्या निम्म्या सकाळी बॅगा भरण्यात गेल्या. दुसऱ्यांदा आईला घेऊन गेलो तेव्हा एकच रस्ता धरला: मेक्सिको सिटी, प्वेब्ला, वाहाका. तुम्हालाही तोच सांगेन. चिचेन इत्सा, म्हणजे माया लोकांचं प्राचीन शहर, सोडताना वाईट वाटेल, पण तो युकातानचा भाग म्हणजे वेगळी सहल आहे. शिवाय तिकडे नोव्हेंबर संपेपर्यंत वादळांचा हंगाम असतो. मध्य मेक्सिकोत मात्र तेव्हा पाऊस ओसरत आलेला असतो आणि हवा छान असते.

व्हिसाचं पटकन सांगतो. आई-वडिलांकडे अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. तो एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे आधी बघा, नाहीतर परत येताना अडाल. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी मेक्सिकोच्या वकिलातीच्या साइटवर एकदा खात्री करून घ्या. विमानतळावर शिक्क्यावर किती दिवस लिहिलेत तेही तिथेच वाचा.

मेक्सिको सिटीला पाच रात्री द्या. शहर २२४० मीटर उंचीवर आहे, कळसूबाईच्या शिखरापेक्षा जवळजवळ सहाशे मीटर वर. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागते, झोप नीट लागत नाही. त्या दिवशी काही ठरवू नका, भरपूर पाणी प्या (बाटलीचं, नळाचं नाही). रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्या. रात्री स्वेटर लागेलच.

दुसऱ्या दिवशी चापुल्तेपेक या मोठ्या उद्यानातलं मानववंशशास्त्राचं राष्ट्रीय संग्रहालय. सोमवारी ते बंद असतं, तेंप्लो मायोर (अ‍ॅझ्टेकांच्या मोठ्या देवळाचे अवशेष) आणि चित्रकार फ्रीदा कालोचं निळं घरही सोमवारी बंद, म्हणून सोमवार तेओतिवाकान या पिरॅमिडांच्या प्राचीन शहरासाठी ठेवा. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, सकाळी लवकर पोचा. दहानंतर तिथे सावली नावाला मिळत नाही आणि मृतांच्या राजमार्गावर वडीलधाऱ्यांना चालणं जड जातं. फ्रीदाच्या घराची तिकिटं ऑनलाइन आणि बरीच आधी काढावी लागतात.

आता एक जागा जी सहसा कुणी सांगत नाही. मुख्य चौकापासून, म्हणजे सोकालोपासून, चालत जाण्याच्या अंतरावर शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत आहे. चित्रकार दिएगो रिव्हेराने १९२०च्या दशकात तिच्या भिंतीच्या भिंती रंगवल्या, आता तिथे भित्तिचित्रांचं संग्रहालय केलंय. वरच्या मजल्यावरच्या एका चित्रात माणसं जेवायला बसली आहेत आणि टेबलाच्या मधोमध एक जण पाव मोडतोय. तो चेहरा पांडुरंग खानखोजे यांचा. वर्ध्याचा माणूस, गदर चळवळीतला क्रांतिकारक. इंग्रजांमुळे भारतात परतता येईना, तेव्हा मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं. स्वातंत्र्यानंतर परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. माझी आई त्या चित्रासमोर बराच वेळ काही न बोलता उभी होती. तुमच्या वडिलांना आधी काही सांगू नका, भिंतीसमोर उभं करा आणि मग सांगा.

मेट्रोला घाबरू नका. १९६९ला ती सुरू झाली तेव्हा वाचता न येणाऱ्यांनाही स्टेशन ओळखता यावं म्हणून प्रत्येक स्टेशनाला चित्र दिलं. चापुल्तेपेकला टोळ आहे. गर्दीच्या वेळा टाळा, पुढचे डबे तेव्हा बायका-मुलांसाठी राखलेले असतात. रात्री मात्र अ‍ॅपवरूनच गाडी मागवा. हिंसाचाराच्या बातम्या खोट्या नाहीत, पण ज्या राज्यांत तो खूप जास्त आहे, सिनालोआ किंवा गेरेरो, तिकडे ही सहल जात नाही.

शाकाहाराचं जरा सविस्तर सांगतो, कारण आई-वडिलांची सहल इथेच बिघडते. 'कार्ने' म्हणजे तिथे मुख्यतः गाईचं मांस. 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हटलंत तर चिकन घातलेला पदार्थ अगदी प्रामाणिकपणे तुमच्यासमोर येईल. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, घोटलेल्या घेवड्याला डुकराची चरबी असते, वाहाकाच्या त्लायुदावर, म्हणजे मक्याच्या मोठ्या कडक पोळीवर, तर ती आधीच फासलेली असते. म्हणून आईला हे वाक्य पाठ करायला लावा: 'सोमोस वेहेतारियानोस. सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका.' आम्ही शाकाहारी. मांस, कोंबडी, मासे, चरबी नको. भात-रश्शाला एक जादा प्रश्न: 'येवा काल्दो दे पोयो?' यात कोंबडीचा रस्सा आहे का? वाहाकात 'सिन चापुलिनेस'ही जोडा, ते भाजलेले टोळ असतात आणि चटणीवर भुरभुरतात. आम्हाला पहिल्याच दिवशी एका खानावळीत भाजीचं म्हणून जे सूप दिलं त्याच्या तळाशी कोंबडीचा तुकडा निघाला. आईने चमचा खाली ठेवला आणि दिवसभर फक्त फळं खाल्ली. तेव्हापासून ऑर्डर देण्याआधी ते वाक्य.

एवढं सांभाळलंत तर खायला भरपूर आहे. भोपळ्याची फुलं घातलेली केसादिया (राजधानीत 'कोन केसो' म्हणा, नाहीतर चीजशिवायच येऊ शकते), निवडुंगाची म्हणजे नोपालची भाजी, उकडलेले मक्याचे दाणे, वाहाकाचं धाग्याधाग्याचं चीज. 'आग्वा दे हामाइका' नावाचं लालभडक सरबत मिळतं, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं. चिंचेचंही मिळतं. मुख्य जेवण दुपारी दोन ते चारला असतं, रात्रीचं हलकं. वडिलांना साडेबाराला जेवायची सवय असेल तर बरोबर काहीतरी ठेवा. आणि मेन्यूवर डॉलरची खूण दिसली तर दचकू नका, पेसोचीही तीच खूण आहे.

भाषेचं तुम्ही वाटतं तितकं मनावर घेऊ नका. त्यांचे त, द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे, स्वर पाचच, लिहिलेलं बहुतेक तसंच वाचायचं. फक्त 'ह'च्या जागी इंग्रजी जे (j) आणि 'य'च्या जागी दोन एल (ll) लिहिलेले असतात. नकाशावर 'ओक्साका' वाचाल ते वाहाका. दुकानात शिरताना आधी 'बुएनास तार्देस' (दुपारचा नमस्कार), मग काय ते विचारा. सरळ किंमत विचारणं तिथे उद्धट वाटतं. खानावळीतून उठून जाणारा अनोळखी माणूस तुमच्याकडे बघून 'प्रोवेचो' म्हणेल, म्हणजे सावकाश जेवा. 'ग्रासियास', धन्यवाद, म्हणा. आईला हे फार आवडलं होतं, ती प्रत्येक टेबलाला 'प्रोवेचो' म्हणत बाहेर पडायची.

प्वेब्ला बसने दोन तास, एक रात्र पुरे. तिथून वाहाका साधारण साडेचार तास. पहिल्या वर्गाच्या बस उत्तम आहेत, पण आतला एसी बोचतो, शाल हातात ठेवा.

वाहाकाला उरलेले सगळे दिवस. मॉन्ते आल्बान या प्राचीन शहराचे अवशेष सकाळी, सांतो दोमिंगोचं संग्रहालय दुपारी. १९३२ला मॉन्ते आल्बानच्या सातव्या थडग्यात सापडलेलं सोनं त्या संग्रहालयात आहे. रविवार मिळाला तर त्लाकोलुलाचा आठवडी बाजार चुकवू नका. तिथे एक बाई पाट्यावर मका वाटत होती. मका आदल्या रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवलेला, वरवंटा दोन्ही हातांनी धरून पुढे ढकलायचा, पीठ खाली सरकत यायचं. आई शेजारी बसली. बाईने एक गोळा तिच्या हातावर ठेवला, आईने भाकरीसारखा थापला, मातीच्या तव्यावर टाकला. तो फुगला तेव्हा दोघी एकदमच हसल्या. पूर्ण तासात एकमेकींचा एकही शब्द दोघींना कळला नव्हता.

तुमच्या तारखा बघता ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर वाहाकातच काढा. मृतांचे दिवस असतात, घराघरांत गेलेल्यांसाठी आरास मांडतात आणि सगळीकडे झेंडू. आपला दसऱ्याचा झेंडू मुळात तिथलाच. स्मशानात जाल तर कॅमेरा आत ठेवा, लोक आपल्या माणसांपाशी बसलेले असतात. या दिवसांत गावात खोली मिळणं कठीण, म्हणून आज रात्रीच वाहाकाची खोली धरा, विमानाचं तिकीट उद्या बघितलंत तरी चालेल.